गावच सुतकात असेल तर शेजारी कोण?

एखाद्या घरात मृत्यू झाला की त्या घराचा व्यवहार थांबतो आणि तो चालू ठेवण्याचा भार शेजारी उचलतात, ही आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. सुतकातल्या घराची चूल पेटत नाही. शेजारच्या बाया पिठलेभाकरी आणून देतात, भावकीतले पुरुष सामानसुमान जमवितात, सोयरेधायरे कडू घास घेऊन येतात आणि दहावे-तेरावे होईपर्यंत त्या घराला कोणी एकटे पडू देत नाही. या सर्व रीतिरिवाजांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, एका घरावर आघात झाला असला तरी गावातील बाकीची घरे शाबूत आहेत. परंतु एका रात्रीत गावातील प्रत्येक घरावरच सुतक आले, तर भाकरी कोणी आणावयाची आणि कोणी कोणाचे सांत्वन करावयाचे, या प्रश्नाला रूढीपाशी उत्तर नाही.

मराठवाड्यापुढे हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी उभा राहिला. गणेशविसर्जन आटोपून दमून झोपलेली किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही आणि अशी कितीतरी गावे काही सेकंदांत दगडमातीखाली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे सोळा हजार जखमी झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाचे शास्त्र, मदतीचा हिशेब आणि पुनर्वसनाची योजना यांवर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि शोकात बुडालेले गाव पुढची वर्षे कशी काढते, या विषयाकडे आपले लक्ष त्या मानाने फार थोडे गेले. हा विषय हाताळण्यास चित्रपट हे माध्यम समर्थ आहे काय, असल्यास त्याने तो कसा हाताळावा, आणि आपण प्रेक्षकांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका बसची कथा

या विचाराला आधार म्हणून एका परदेशी चित्रपटाचा उल्लेख करणे सोयीचे होईल. अ‍ॅटम इगोयान या कॅनडातील दिग्दर्शकाचा ‘द स्वीट हिअरआफ्टर’ हा चित्रपट १९९७ साली आला आणि त्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्याला ‘ग्रां प्री’ हा मोठा सन्मान मिळाला. रसेल बँक्स या अमेरिकन लेखकाच्या १९९१ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. कथेची बाह्य रूपरेषा अगदी साधी आहे. बर्फाळ डोंगराळ मुलुखातील एका लहान गावाची शाळेची बस रस्त्यावरून घसरून गोठलेल्या तळ्यावर जाते, बर्फ फुटते आणि गावातील बहुतेक मुले बुडून मरतात. बस चालविणारी बाई वाचते. निकोल नावाची एक तरुण मुलगीही वाचते, पण तिचे पाय कायमचे निकामी होतात.

या गावात बाहेरून एक मनुष्य येतो. तो वकील आहे. घरोघर जाऊन तो आईबापांना सांगतो की, अपघात म्हणून काही नसतेच. कोठेतरी, कोणीतरी, चार पैसे वाचविण्यासाठी हयगय केलेली असते, आणि ज्याने हयगय केली त्याच्याकडून भरपाई वसूल करणे हाच तुमच्या दुःखाला न्याय आहे. तो निव्वळ लबाड आहे असेही नाही. त्याची स्वतःची मुलगी व्यसनात बुडून त्याला जवळजवळ अंतरलेली आहे. म्हणजे तोही आपल्या परीने अपत्यवियोग भोगणाराच आहे. परंतु त्याच्या प्रश्नांनी गावात एक विलक्षण क्रिया सुरू होते. कोणती घरे साक्षीला बरी दिसतील, कोणाचे पूर्वचरित्र अडचणीचे ठरेल, कोणाच्या दुःखाची किंमत किती, याची मोजदाद होऊ लागते. काल एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेली माणसे आज एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. बिली नावाचा एक बाप बसच्या मागोमाग गाडी चालवीत आपल्या दोन मुलांना हात करीत होता. त्याने अपघात डोळ्यांनी पाहिला. नेमका तोच या दाव्याला विरोध करतो.

शेवटी जबानीच्या वेळी निकोल खोटे बोलते. चालक बाई गाडी फार वेगाने हाकीत होती, असे ती सांगते आणि त्या एका वाक्याने सारा दावा कोसळतो. तिच्या खोट्यामागे गाव वाचविण्याची इच्छा आहे, तसाच आपल्या बापाने आपल्याशी केलेल्या घोर विश्वासघाताचा सूडही आहे. त्या खोट्याची किंमत मात्र एका निरपराध बाईला मोजावी लागते. दिग्दर्शक या कृत्याचे समर्थन करीत नाही आणि निषेधही करीत नाही. न्याय मिळविण्याचा मार्ग आणि गाव म्हणून टिकून राहण्याचा मार्ग हे दोन्ही एकच असतील असे नाही, एवढे तो दाखवितो आणि प्रेक्षकाला तेथे सोडून देतो.

या चित्रपटात चिमट्यांच्या आड रडणारी गर्दी नाही, कर्कश संगीत नाही. अपघाताचा प्रसंगही दुरून, बापाच्या नजरेतून दाखविलेला आहे. काळ मागेपुढे होत राहतो, कारण ज्याचे मूल गेले त्याच्या मनात काळ तसाच मागेपुढे होत असतो. शाळेत आपण सर्वांनी वाचलेली पुंगीवाल्याची गोष्टही त्यात गुंफलेली आहे. गावातील सगळी मुले पुंगीमागून डोंगरात नाहीशी झाली आणि एकच लंगडे मूल मागे राहिले, ती गोष्ट. मागे राहिलेल्याचे दुःख हा तिचा शेवट आपण लहानपणी सहसा विसरून गेलेलो असतो.

भिंतींचा अपराध

कॅनडातील बस आणि किल्लारीचा भूकंप यांत साम्य काय, असा आक्षेप कोणी घेईल. एके ठिकाणी मनुष्याची हयगय शोधता येते, दुसऱ्या ठिकाणी पृथ्वीचाच कोप. तेव्हा दोष कोणाला देणार? हा आक्षेप वरवर योग्य वाटला तरी तो पुरता खरा नाही. भूकंपात बहुतेक माणसे जमिनीच्या हादऱ्याने मरत नाहीत, घर अंगावर पडल्याने मरतात, हे अभियंत्यांनी पुन:पुन्हा सांगितले आहे. त्या भागातील घरे दगडांच्या जाड भिंतींची होती. दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड बहुधा नाहीत, आणि वर लाकडी माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि चोराचिलटांपासून राखण करणारे ते घर रात्रीच्या हादऱ्यात आतल्या माणसांवर कोसळले. लाकडी सांगाडा कित्येक ठिकाणी उभाच राहिला होता. ढासळल्या त्या भिंती.

आता या गोष्टीचा विचार वाचलेल्या मनुष्याच्या बाजूने करून पाहावा. ती भिंत त्याच्या आजाने किंवा बापाने बांधलेली होती. ती जितकी रुंद तितका घराण्याचा मान मोठा. चार वर्षे पीक बरे आले म्हणून माळवदावर मातीचा आणखी एक थर त्याने स्वतःच चढविला असेल. ज्याच्या लेकरांवर ती माती पडली त्याच्या शोकात अपराधाची टोचणी मिसळली असली पाहिजे, हे समजण्यास मानसशास्त्राच्या पदवीची जरुरी नाही. शिवाय १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात लहानमोठे धक्के जाणवू लागले होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांतील मोठा होता. लोक घाबरले, पण महिने गेले तशी भीती ओसरली. हा प्रदेश तेव्हाच्या अधिकृत नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात होता. तो तिसऱ्या विभागात दाखविला गेला २००२ सालच्या सुधारित नकाशात. तेव्हा शास्त्रज्ञ चुकले, शासन चुकले, की घराबाहेर न झोपणारा बाप चुकला? वकील न येताही हा खटला किल्लारीच्या घराघरांत आतल्या आत चाललाच असेल. चित्रपटातील गावाशी आपले नाते जुळते ते या ठिकाणी.

एकरांवर मोजलेली घरे

बाहेरची माणसे किल्लारीतही आली. लष्कराचे जवान आले, डॉक्टर आले, विद्यार्थ्यांची पथके आली, परगावचे लोक धान्य घेऊन आले. सामुदायिक चितांवर कोणाचे प्रेत कोणत्या रीतीने जावे याचा विचार करण्यास कोणालाही सवड नव्हती. पाऊस कोसळत होता, आणि त्यातच नुसते पाहावयास आलेल्यांच्या गर्दीने रस्ते अडत होते. सुतकातल्या गावाचा शेजारी होणारी माणसे आणि त्याचा तमाशा पाहणारी माणसे एकाच रस्त्याने, कदाचित एकाच वाहनाने, आली. यांतील शेजारधर्माचे एक ठळक उदाहरण नमूद करण्यासारखे आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीस नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. एक दिवसाची भाकरी आणून देण्यापेक्षा हे कितीतरी मोठे काम होते, कारण ते वर्षानुवर्षे चालणारे होते.

शासनाचे पुनर्वसनही, जागतिक बँकेच्या साहाय्याने, मोठ्या प्रमाणावर झाले आणि ते झाले नसते तर काय अनर्थ ओढवला असता हे सांगावयास नको. तरीही त्याच्या एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. हलविलेल्या गावांत घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरविण्यात आला. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. प्रशासनाला काही ना काही मोजमाप लागतेच, आणि बैलबारदाना असलेल्या शेतकऱ्याला जागा अधिक लागते, हा युक्तिवादही समजण्याजोगा आहे. परंतु ज्या पहाटे जमीनदाराचे आणि सालगड्याचे मूल एकाच ढिगाऱ्याखालून काढले गेले, त्या पहाटेने क्षणभर पुसून टाकलेली रेघ पुनर्वसनाच्या आराखड्याने पुन्हा आखली, हे नाकारता येत नाही. जुन्या गावठाणातील बोळ गेले, पार गेला, एकमेकींच्या अंगणात उघडणारी दारे गेली. त्यांच्या जागी सरळ रेषेतील रुंद रस्ते आले. नव्या घराच्या भिंती जुन्यांहून सुरक्षित असतीलही, पण त्या भिंतीपलीकडे आता कोण राहते, हे नव्याने शिकावे लागले.

शोकाची सरकारी मोजणी घरागणिक होते; मृतांची यादी घरागणिक, मदत घरागणिक, सदनिका घरागणिक. गावाचे दुःख मात्र घरांच्या मधल्या जागेत असते. ज्या विहिरीवर सात जणी जात त्यांतील दोघीच उरल्या, ज्या भजनी मंडळाचा मृदंग वाजविणारा राहिला नाही, ज्या वर्गात हजेरी घेताना गुरुजींना निम्म्या नावांपाशी थांबावे लागते, त्या हानीचा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नसतो. तो रकाना भरण्याचे काम कलेचे आहे, आणि तीत चित्रपटाला एक विशेष सोय आहे. ओस पडलेली विहीर, रिकामा बाक, अर्धी भरलेली पंगत त्याला एक शब्दही न उच्चारता दाखविता येते.

दुःख विकण्याचा आक्षेप

अशा चित्रपटांविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. लोकांच्या दुःखावर तिकिटे विकणे हे नैतिकदृष्ट्या गैर आहे. भरत आलेली जखम पुन्हा उकरून काढण्यात कोणाचे भले? हा आक्षेप करणाऱ्यांत स्वतः आघात सोसलेली माणसेही असू शकतात, म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. माझ्या मते त्याचे उत्तर चित्रपट कसा काढला आहे यावर अवलंबून आहे. ढिगारा आणि प्रेते दाखवून प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणणारा चित्रपट रस्ते अडविणाऱ्या त्या गर्दीतलाच एक होय; फरक एवढाच की त्याच्या हातात कॅमेरा आहे. याउलट, वर्तमानपत्रांचे बातमीदार परत गेल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पावसाळा काढताना, पुनर्विवाह करावा की नाही याचा निर्णय घेताना, अनाथ पुतण्याच्या नावे आलेल्या मदतीवरून भावाभावांत कुरबूर होताना माणसे कशी वागली असतील, याकडे शांतपणे पाहणारा चित्रपट हा सुतकातल्या घरी येऊन जमिनीवर बसणाऱ्या आणि फार न बोलणाऱ्या शेजाऱ्यासारखा असतो. त्याला कोणी गैर म्हणणार नाही. त्यात माणसे केवळ सोशिक आणि सज्जन दाखवून भागणार नाही; शोकाने माणूस उदार होतो तसा कधी क्षुद्रही होतो, आणि दोन्ही सांगण्याचे धैर्य हवे. इगोयानच्या चित्रपटाचे मोल त्या धैर्यात आहे.

आणि हा विषय केवळ किल्लारीपुरता राहिलेला नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मरण पावली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. इर्शाळवाडीत तर काही दिवसांनी शोध थांबवावा लागला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत समजण्यात आले. प्रेत न पाहता सुतक धरावयाचे, अग्नी न देता तेरावे करावयाचे, हा शोकाचा एक निराळाच प्रकार आहे आणि त्याची भाषा आपल्याला अजून घडवावयाची आहे.

आपल्याकडील काम

मुदखेडकरांनी या चर्चेत का पडावे, हाही प्रश्न रास्त आहे. मुदखेड हे सिकंदराबाद आणि आदिलाबाद यांकडे जाणारे लोहमार्ग जेथे फुटतात ते जंक्शन. फुलशेतीसाठी ओळखला जाणारा हा तालुका किल्लारीपासून पुष्कळ दूर आहे. पण भूगर्भाला तालुक्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. २०२४ च्या मार्च महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेड जिल्ह्यातही जाणवले. मोठी हानी झाली नाही, हे सुदैव. परंतु मातीच्या गाऱ्यातील दगडी भिंती आणि माळवदे आपल्याही खेड्यांतून अजून उभी आहेत, आणि त्यांखाली माणसे झोपतात. किल्लारीची आठवण आपल्यासाठी केवळ हळहळीचा विषय नाही. घराच्या डागडुजीचाही विषय आहे. आणि आकडेवारीने माणूस भिंत दुरुस्त करावयास उठत नाही, तो एखाद्याची हकीकत ऐकून उठतो.

ती हकीकत सांगणारी माणसे आता वृद्ध होत चालली आहेत. १९९३ साली तिशीत असलेले आज साठी ओलांडून गेले. दहा वर्षांचे मूल चाळिशीपलीकडे पोहोचले. आपल्या महाविद्यालयांत शिकणारी पिढी तर भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. किल्लारी येथील स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला मृतांना मानवंदना दिली जाते. तो सोहळा आवश्यक आहे, पण स्तंभ नावे आणि आकडेच सांगू शकतो. नांदेड येथे १९९४ साली, म्हणजे भूकंपानंतर वर्षभरात, स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत लातूर जिल्हा येतो. त्याच्या महाविद्यालयांतील मराठी आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी काही थोड्या वाचलेल्या माणसांच्या मुलाखती, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच बोलीत, ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर उद्याच्या दिग्दर्शकाला आणि कादंबरीकाराला खरी सामग्री मिळेल. यासाठी मोठा खर्च लागत नाही. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन असते. शाळांतील शिक्षकांनी ३० सप्टेंबरचा एक तास या विषयाला द्यावा. गावोगावच्या वाचनालयांनी आणि हौशी चित्रपट मंडळांनी असा एखादा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा ठेवावी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहण्यासाठी रात्र जागविणारा आमचा प्रेक्षक गंभीर चित्रपट समजू शकणार नाही, ही समजूत त्याच्यावर अन्याय करणारी आहे. ज्याने घरातले, शेतातले आणि गावातले मरण जवळून पाहिले आहे, त्याला शोकाचा अर्थ परीक्षकापेक्षा अधिक कळतो.

सांत्वनाला तीस वर्षांहून अधिक उशीर झाला, अशी कोणी शंका घेईल. किल्लारीच्या पंचक्रोशीतील एखादी वृद्धा आजही सांगावयास तयार असेल आणि ऐकणारा मिळत नसेल, तर उशीर झाला असे म्हणता येत नाही. तिच्या गावातील सगळी घरे त्या वेळी सुतकात होती. तेव्हा ऐकून घेण्याचे शेजारपण आसपासच्या जिल्ह्यांकडे, म्हणजे आपल्याकडे येते. येत्या काही वर्षांत ते पार पाडले नाही, तर पुढे ते पार पाडण्यास कोणी उरणार नाही.